निकिता पळाली

माझा धंदा मालिशचा. असं लिहिलं की काही जण गालातल्या गालात हसतात, म्हणून लगेच पुढचं सांगून टाकते. मी आधी विक्रोळी, भांडुप, कांजूरच्या चाळींतून बाळ-बाळंतिणींची मालिश केली. एका घरचं बाळ न्हाऊ घालायचं, धुरी द्यायची, बाळंतिणीची पाठ शेकायची की पुढच्या घरी. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आता दाढ्या ठेवून फिरतात आणि मला ओळखत नाहीत. बरंच आहे, नाहीतर मी त्यांना चारचौघांत काय काय आठवण करून देईन.

पुढे पोरी मोबाइलवर बघून स्वतःच बाळाला तेल लावायला लागल्या आणि माझी घरं कमी झाली. तेवढ्यात परब सरांनी बोलावलं. सर विक्रोळीच्या एका मैदानावर पोरापोरींना पळायला शिकवतात. त्यांच्या बायकोची दोन्ही बाळंतपणं माझ्या हातची. सरांच्या एका पोराच्या पोटरीत गोळा आला होता, काही केल्या सुटेना, तर त्यांनी मला घरून रिक्षात घालून नेलं. मी गेले ती अजून तिथेच आहे. मैदानाला बसायच्या पायऱ्या आहेत, त्यांच्या आडोशाला माझी चटई, तेलाच्या दोन बाटल्या आणि एक जुनी उशी. सरांनी भिंतीवर ‘स्पोर्ट्स मसाज’ अशी पाटी लावली. पोरं मात्र येतात आणि म्हणतात, ‘मावशी, पाय बघा ना.’ मला तेच बरं वाटतं.

यात शिकण्यासारखं काय असतं, असं लोक विचारतात. तेल घ्या, चोळा. पण तसं नाही हो. माझी सासू मालवणकडची, तिने मला शिकवलं. मी घाईघाईने हात चालवायला लागले की ती ओरडायची, ‘गो, आधी हात ठेय, मगे चोळ.’ आधी नुसता हात ठेवायचा. गरम आहे का, गार आहे का, आत गाठ आहे का, माणूस पाय सैल सोडतोय का धरून ठेवतोय, हे बघायचं. दमलेला पाय गरम आणि जड लागतो, ओल्या कणकेसारखा. घाबरलेला पाय वेगळा. वरून गार, आतून दगड. माणूस आडवा पडलेला असतो, गप्पा मारत असतो, पण पायाची बोटं वर ओढलेली असतात. म्हणजे पाय अजून पळायच्या तयारीतच असतो.

पळणाऱ्या माणसांत इतकी भीती असते हे मला आधी माहीतच नव्हतं. मला वाटायचं, ही सगळी आनंदाने उड्या मारणारी माणसं.

आता एक गोवंडीचा पोरगा होता, पोलीस भरतीसाठी पळणारा. आमच्याकडे भरतीची पोरं पुष्कळ. हा पोरगा पळायला वाघ, पण शिट्टी वाजली की जागच्या जागी थिजायचा. बाकीचे दहा पावलं पुढे गेले की मग हा निघायचा. सर वैतागले. माझ्या चटईवर पडल्यापडल्या एकदा तो सहज बोलून गेला, की लहानपणी त्यांच्या गल्लीत शिट्टी वाजली म्हणजे झोपड्या तोडायला गाडी आली, असं असायचं. शिट्टी ऐकली की आईचा हात धरायचा आणि हलायचं नाही, असं त्याला शिकवलेलं. डोकं विसरलं होतं, पाय विसरले नव्हते. सर मग सरावाला टाळी वाजवायला लागले, हळूहळू शिट्टीवर आणलं. पहिल्या भरतीत तो राहिला, दुसऱ्या खेपेला लागला. आता तोच चौकात उभा राहून शिट्टी वाजवतो.

आणि मुलुंडहून एक साहेब यायचे, निवृत्तीनंतर पळायला लागलेले. मनगटावर मोठं घड्याळ. चटईवर बसून म्हणायचे, ‘मावशी, घड्याळ म्हणतंय माझा कालचा थकवा अजून गेलेला नाही.’ मी म्हणायचे, ‘मग त्यालाच तेल लावायला सांगा.’ त्यांना हार्ट अटॅकची भीती. भाऊ त्यानेच गेलेला. साहेब मरणाच्या पुढे पळत होते म्हणा ना. असे सगळे.

पण ज्या पायांची मला स्वतःला भीती वाटली, ते निकिताचे.

निकिता आली ती भिंतीवरून. मैदानाच्या मागची भिंत एका ठिकाणी ढासळलेली आहे. सकाळची वेळ, भरतीची पोरं गोल मारत होती, आणि ही अठरा-एकोणीस वर्षांची पोरगी तिथून उडी मारून आत आली आणि त्यांच्यातच पळायला लागली. पंजाबी ड्रेस, पायात स्लिपर. सरांना वाटलं भरतीची नवीन मुलगी आहे. ते ओरडले, ‘ए, चप्पल काढ आधी!’ तिने पळतापळता पाय झटकून एक स्लिपर इकडे, एक तिकडे उडवली आणि पुढे निघाली. चार पोरांना मागे टाकलं. मग आपणहून थांबली, कंबरेवर हात ठेवून भिंतीकडे बघत राहिली. भिंतीवरून कोणी येतंय का, हे बघत होती. कोणी आलं नाही. मग माझ्या चटईवर येऊन बसली.

‘पाणी आहे का?’

मी बाटली दिली. ‘कुणाला चुकवून आलीस गं?’

‘भावाला,’ ती म्हणाली. ‘मोबाइल फोडला त्याने माझा. मग मी पण त्याच्या बाइकचा आरसा फोडला.’

घर त्यांचं कांजूरला, पूर्वेला, कचऱ्याच्या डम्पिंगचा वास वाऱ्याबरोबर येतो त्या बाजूला. वडील नाहीत. आई लोकांकडे पोळ्या करते. मोठा भाऊ विकी बाइकवरून पार्सलं पोचवतो, घर त्याच्यावर चालतं. आणि एक मोठी बहीण होती, अमृता. ती दोन वर्षांपूर्वी एका मुलाबरोबर पळून गेली. विकीने त्या मुलाच्या घरी जाऊन दरवाजा फोडला, मुलाच्या वडिलांचा हात मोडला. पोलीस केस झाली, मिटवामिटवी झाली. त्यानंतर त्या घरात अमृताचं नाव नाही, फोटो नाही, आणि धाकटीवर पहारा. कुठे जातेस, कोण होतं, फोन दाखव. चाळीतली पोरं विकीला येताजाता चिडवायची, ‘काय मेहुणे, जावई कधी येणार?’ तो घरी येऊन निकितावर हात उचलायचा.

निकिता पण गरीब गाय नव्हती. कॉलेज बारावीला सुटलेलं. मॉलमधल्या दुकानातून तिला काढलं, का तर गिऱ्हाईकाने चुटकी वाजवून बोलावलं, आणि हिने त्याच्या नाकासमोर जाऊन तशीच चुटकी वाजवली. नळावर एका बाईची भरलेली कळशी लाथेने उडवली. मैदानावर पहिल्या आठवड्यातच एका पोराच्या कानाखाली ठेवून दिली. सरांनी मला विचारलं, ‘मावशी, ठेवू का हिला? डोकं फिरलेलं आहे हिचं.’

मी निकितालाच विचारलं. ती चटईवर पालथी पडली होती, मी टाच दाबत होते. उशीत तोंड घालून म्हणाली, ‘मावशी, माझ्या डोक्यात ना मिक्सर चालू असतो. दिवसभर घर्रर्र. पळते तेव्हा बंद होतो.’

मी सरांना सांगितलं, ‘ठेवा.’

घरी तिने सांगितलं, की कांजूरच्या एका गाळ्यात खोकी भरायचं काम लागलंय, सकाळची पाळी आहे. खरं फक्त आईला माहीत. आई एकदा मला शोधत मैदानावर आली. पिठाचे हात तसेच होते. म्हणाली, ‘मावशी, तिला पळू द्या. घरात राहिली तर एक दिवस तो तिला मारील, नाहीतर ती त्याला. माझ्याकडून आता आवरत नाही.’

एवढं बोलून गेली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पुढे निकिताच्या दंडावर मला चार बोटांचे वळ दिसले, निळे पडलेले. तिने बाही खाली ओढली. तिच्या पोटऱ्या दगड असायच्या, रोज. मी अर्धा तास हात फिरवून त्या मऊ करायच्या, आणि दुसऱ्या दिवशी परत दगड. बाळंतिणीची पाठ सव्वा महिन्यात मोकळी होते. हिचे पाय वर्षभर मोकळे झाले नाहीत. पण पळायची मात्र अशी, की सर स्टॉपवॉच दोनदा बघायचे.

शेवटी जिल्ह्याच्या स्पर्धा आल्या, कांदिवलीला. निकिताची दीड हजार मीटरची शर्यत. म्हणजे ट्रॅकचे चार गोल, थोडे कमी. सकाळी आधी निवड, आणि त्यातून ज्या निवडल्या जातील त्यांची दुपारी फायनल. आम्ही सगळे टेम्पो करून गेलो. सकाळी निकिता छान पळाली आणि फायनलला गेली. पोरींनी नुसता गोंधळ घातला.

आमच्यात सोनल म्हणून एक अडथळ्यांची शर्यत पळणारी मुलगी आहे. मनाने सोनं, तोंड म्हणाल तर बंद होत नाही. तिला वाटलं, निकिताच्या आईला कळवावं. आईचा नंबर तिच्याकडे होता. तिने त्या गोंधळातच फोन लावला, आणि कानात बोट घालून ओरडून सांगितलं, ‘काकू, निकिता पळाली! सकाळीच पळाली! आम्ही सगळे कांदिवलीच्या मोठ्या मैदानावर आहोत, काळजी करू नका!’

मग फोन कानापासून लांब धरून तिने माझ्याकडे बघितलं. ‘मावशी, काकू नव्हत्या. कोणी माणूस होता. शिवी देऊन ठेवला.’

‘परत लाव,’ मी म्हटलं.

तुम्ही मराठी वाचणारे आहात, तुम्हाला काय सांगायचं. मैदानावर आमचं सगळं पळण्यावर चालतं. कशी पळाली, किती पळाली, बरी पळाली. पण मैदानाच्या गेटबाहेर तरुण मुलीबद्दल ‘पळाली’ म्हटलं, तर त्याचा एकच अर्थ होतो. आणि ते त्या घरात, त्या माणसाच्या कानात. त्याचा फोन बिघडला होता म्हणून तो त्या दिवशी आईचा घेऊन फिरत होता, हे मला नंतर कळलं.

सोनलने परत लावला, चार वेळा लावला. उचलला नाही. आईकडे दुसरा फोन नाही. मी सरांना बाजूला घेतलं.

‘तो येणार, सर.’

‘येऊ दे. समजावू.’

‘तुम्ही त्याला बघितलेलं नाही.’

‘तुम्ही तरी कुठे बघितलाय?’

खरं होतं. मी त्याला कधी बघितलं नव्हतं. फक्त त्याच्या बोटांचे वळ बघितले होते.

निकिताला सांगायचं की नाही? सर म्हणाले, फायनलपर्यंत नको. मलाही वाटलं नको. सांगितलं तर ती तिथूनच कुठेतरी निघून जाईल, आणि मग खरंच पळून गेल्यासारखं होईल. ती सावलीत आडवी पडली होती. मी तिचे पाय मांडीवर घेतले. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं, की समोरच्याचा पाय मऊ होता आणि माझे हात गार.

‘मावशी, हात इतके गार का?’

‘वय झालं गं.’

‘आज सकाळी मला कळलंच नाही कधी संपलं,’ ती आभाळाकडे बघत म्हणाली. ‘मिक्सर कालपासूनच बंद आहे.’

मी गेटकडे पाठ करून बसले होते ती उठून तिकडे तोंड करून बसले. बाइकचा आवाज आला की मान वर. एक आइस्क्रीमवाला आला, एक फोटोवाला आला. गेटवरचा माणूस चहाला गेला तो परत दिसेना. कांजूरहून कांदिवलीला यायला, पवईची ट्रॅफिक धरून किती वेळ लागेल, याचा हिशोब मी करत राहिले. तो हिशोब फायनलच्या वेळेशी अगदी जुळत होता.

आणि तसंच झालं. पोरी रेषेवर उभ्या राहिल्या, बार उडाला, आणि पहिला गोल पुरा व्हायच्या आत तो गेटमधून आत आला. मी त्याला लगेच ओळखलं. निकिताचंच नाक, निकिताच्याच भुवया. अंगात कंपनीचा टीशर्ट, आणि हातात हेल्मेट, पट्ट्याला धरून झुलवत. बाकी हातात काही नव्हतं, पण हेल्मेट पुरतं.

तो कठड्याला येऊन उभा राहिला आणि प्रेक्षकांत बघायला लागला. एकेका मुलाचं तोंड बघत होता. ट्रॅककडे त्याचं लक्षच नव्हतं. निकिता मधल्या घोळक्यात होती. दुसऱ्या गोलाला ती त्या कठड्यापाशी आली आणि तिला तो दिसला.

मी लांबून बघत होते, तरी मला कळलं. तिची मान आत गेली, खांदे वर आले. मग ती जी सुटली. सर ओरडत होते, ‘आत्ता नाही, आत्ता नाही, थांब!’ पण ती सरांसाठी पळतच नव्हती. घोळका फोडून पुढे गेली, एकेकीला मागे टाकत गेली. लोक टाळ्या वाजवायला लागले. मी वाजवल्या नाहीत. मला माहीत होतं, ही शर्यत जिंकायला पळत नाहीये. आणि गोल ट्रॅकची गंमत अशी, की ज्याच्यापासून लांब जायचं, त्याच्याच समोर परत यावं लागतं. तिसऱ्या गोलाला ती परत त्याच्यासमोरून गेली. आता त्यानेही तिला बघितलं होतं.

शेवटच्या वळणावर तिचं बळ संपलं. तिघी पुढे निघून गेल्या. तिने चौथी म्हणून रेषा ओलांडली.

आणि थांबली नाही.

बाकीच्या पोरी रेषेपलीकडे पटापट आडव्या पडल्या, कुणी ओकत होतं, कुणी रडत होतं. ही त्यांच्यामधून वाट काढून पुढे गेली आणि पुढच्या गोलाला लागली. पंच हाका मारत होते, ‘अगं संपलं, संपलं!’ लोक हसायला लागले. त्यांना वाटलं, गोल मोजायला चुकली. ती मोजायला चुकली नव्हती. थांबलं की काय होणार, हे तिला माहीत होतं.

मी कठड्याकडे गेले. माझे गुडघे धड नाहीत, पण गेले. त्याच्या आणि ट्रॅकच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

‘विकी ना तू?’

‘तुम्ही कोण?’

‘मी मालिशवाली मावशी.’

‘कुठाय तो?’

‘कोण तो?’

‘जिच्याबरोबर पळाली… ज्याच्याबरोबर पळाली तो!’

‘बाळा, ती या पोरींबरोबर पळाली. त्या बघ, तुझ्यासमोर आडव्या पडल्यात. पळायचीच स्पर्धा आहे ही. फोनवर त्या येडीने तेच सांगितलं.’

त्याने बघितलं. पोरींकडे, स्पर्धेच्या पाटीकडे, निकिताच्या छातीवरच्या नंबराकडे. हेल्मेट झुलायचं थांबलं. मला वाटलं, आता हा हसेल, आता मिटलं. हीच माझी समजूत चुकली. त्याचं तोंड आधीपेक्षा वाईट झालं.

‘म्हणजे ती गाळ्यावर जातच नाही,’ तो हळू म्हणाला. ‘कधीपासून?’

मी ट्रॅककडे बघितलं.

‘आईला माहीत होतं?’ त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं.

‘सगळ्यांना माहीत होतं. मला सोडून. ताईच्या वेळी पण असंच. चाळीला माहीत, दुकानदाराला माहीत, मी येडा.’

खोटं तर मायलेकी खरोखरच बोलत होत्या. गैरसमज निघाला, आणि त्याच्याखालून खरं निघालं, ते जास्त भीतीचं होतं.

तोवर निकिता तो जादाचा गोल चालत, धडपडत पुरा करून आमच्यासमोर आली होती. उभी राहिली. मग तो म्हणाला, ‘बस गाडीवर.’

सर पुढे झाले. विकीने हेल्मेटचा हात नुसता हलवला, सर थांबले. त्यांना दोष देत नाही, त्यांना घरी पोरं आहेत. निकिता मुकाट्याने निघाली. मी पण तिच्या मागून गेले, आणि तो गाडीवर बसल्यावर ती बसायच्या आत मीच त्याच्या मागे बसले.

‘मावशी, उतरा,’ तो म्हणाला.

‘मला विक्रोळीला सोड.’

‘ट्रिपल सीट पोलीस धरतात.’

‘धरू दे. आमच्या भरतीतलाच कोणी असेल.’

निकिता माझ्या मागे चढली. माझं अंग काही लहान नाही. त्या गाडीवर मी दोघांच्या मध्ये भिंतीसारखी बसले होते, एवढंच माझ्या हातात होतं. तिने माझ्या पदराला घट्ट धरलं होतं. मी देवाचं नाव घेत होते आणि विकी गाडी हाणत होता.

पवईच्या पुढे निकिता एकदम किंचाळली. दोन शर्यती आणि वर एक गोल, शिवाय पाणीसुद्धा न पिता बसलेली, दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. विकीने गाडी कडेला घेतली. मी तिला फुटपाथवर आडवी केली. एक पाय मी धरला. दुसरा तडफडत होता.

‘बघतोस काय? टाच धर तिची. पंजा वर दाब. गुडघा वाकू देऊ नकोस.’

तो बसला. हेल्मेट काढून खाली ठेवलं. तिने पाय मागे ओढून घेतला, त्याने परत धरला. जोरात धरला.

‘एवढ्या जोरात नाही रे. आधी नुसता हात ठेव.’

लोक गाड्या हळू करून बघत होते. एका बाईने काच खाली करून विचारलं, ‘काय करताय त्या मुलीला?’ विकीचा चेहरा पडला. ‘बहीण आहे माझी,’ तो म्हणाला. गोळा सुटायला वेळ लागला. निकिता डोळे मिटून पडली होती. तो तिच्या तळपायाकडे बघत होता. काळी पडलेली नखं, फुटलेले फोड, फोडांवर परत फोड. त्याने ते कधी बघितले नसावेत. एका घरात राहून कोण कोणाचे तळपाय बघतो?

‘कितवी आली?’ त्याने मला विचारलं, तिला नाही.

‘चौथी.’

‘चौथीला काय देतात?’

‘काही नाही.’

मग त्याने गाडी थेट घरापर्यंत नेली. मी त्यांच्या दारापर्यंत गेले. आईने दार उघडलं, तिघांना बघितलं आणि भिंतीला टेकली. दार लागलं. मी बाहेर किती तरी वेळ उभी राहिले, आतून काही आवाज येतोय का ऐकत. टीव्ही लागला. मग मला काहीच ऐकू येईना, आणि मी घरी गेले.

त्यानंतर निकिता आली नाही. आठवडा गेला, दुसरा लागला. तिच्या आईचा फोन बंद. सोनल रडून रडून अर्धी झाली. मला नाही नाही ती स्वप्नं पडायला लागली. पेपर आणणं मी बंद केलं, कारण खून-मारामारीचं आतलं पान उघडायची हिंमत होईना. शेवटी तेलाची बाटली पिशवीत घातली आणि गेले कांजूरला.

विकीनेच दार उघडलं. निकिता आत मटार सोलत होती. जिवंत होती, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. गालावर काही नव्हतं, दंडावर काही नव्हतं. पण माझ्याकडे बघून हसलीही नाही.

‘पायांना तेल लावायला आले,’ मी म्हटलं. ‘पैसे नकोत.’

त्याने मला आत घेतलं. मी मालिश करत होते तोवर तो दाराच्या चौकटीत उभा होता. मग म्हणाला, ‘सोडीन मी तिला. पण मी मागे असणार. रोज.’

आणि खरंच आला. कांजूरहून विक्रोळीपर्यंत हायवेच्या सर्व्हिस रोडने निकिता पळत यायची, आणि तिच्या मागे दहा-पंधरा हातांवर त्याची बाइक. पहाटेच्या काळोखात गाडीचा दिवा तिच्या पाठीवर. तिची सावली तिच्यापुढे लांबच्या लांब पडायची. मैदानावर आली की तो गाडी लावून कठड्याला टेकायचा आणि नऊ वाजले की कामाला जायचा. राखण करतो का सोबत, मला कळत नव्हतं. चाळीतली पोरं म्हणायची, सुधारला. सर म्हणायचे, ‘मावशी, टायमिंग बघा हिचं, कमाल करतेय.’ कमाल कसली. मी हात ठेवला की दगड. आधीपेक्षा जास्त. पायाची बोटं वर ओढलेली. ती मला आता मिक्सरबद्दल काही सांगत नव्हती, काहीच सांगत नव्हती. मला वाटायला लागलं, ही अशीच पळत पळत एक दिवस आतून तुटेल.

एका सकाळी मी त्याच्याकडे गेले.

‘विकी, उद्यापासून गाडी पुढे घे.’

‘का?’

‘मागे गाडी असली की तिचे पाय आखडतात. तू पुढे चल, ती तुझ्या मागे येईल.’

‘आणि मागच्या मागे गेली कुठे तर? मला कसं कळणार?’

‘आरसा आहे ना गाडीला.’

‘काळोखात आरशात काय दिसतं, मावशी?’

‘तिला तर तेवढाही नाही,’ मी म्हटलं. ‘मागे कोण आहे, कधी अंगावर येणार, काहीच दिसत नाही तिला.’

तो माझ्यावर खेकसला नाही. गाडीची चावी बोटावर फिरवत राहिला. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा गाडी पुढे होती. सारखा मान वळवून मागे बघत होता, गाडी वाकडीतिकडी चालली होती. निकिता मागून पळत होती, काही समजत नसल्यासारखी. आठ दिवस असं चाललं. तिच्या पोटऱ्या थोड्या सैलावल्या, अगदी थोड्या. मला हातालाच कळेल एवढ्या.

मग परवाची गोष्ट. विकीची गाडी वळणावरून मैदानाशी आली, आणि मागे कोणी नाही.

त्याने गाडी थांबवली. हेल्मेट काढलं. वळणाकडे बघत उभा राहिला. एक पाववाला गेला, एक कुत्रा गेला. रस्ता रिकामा. मी पायऱ्यांवरून उठून त्याच्याजवळ गेले. त्याचा चेहरा मी त्या कांदिवलीच्या दिवशीही बघितला होता, पण हा तो नव्हता. ओठ पांढरे पडलेले. मागे जाऊन बघावं, हेही त्याला सुचत नव्हतं. माझ्याही मनात नको ते सगळं येऊन गेलं. गेली असेल तर? आणि गेली असेल तर मी कोणाच्या बाजूची?

मग ती वळणावर आली. निवांत, आपल्या चालीने.

‘लेस सुटली होती,’ आमच्यासमोरून जाताना ती म्हणाली, आणि न थांबता गेटमधून आत गेली.

विकी गाडी लावायला गेला, स्टँड लागेना. त्याचा पाय दोनदा त्यावरून सटकला. माझ्या शेजारी पायरीवर येऊन बसला. म्हणाला, ‘मावशी, उद्या पण पुढेच राहायचं?’

‘पुढेच,’ मी म्हटलं. ‘पाय इकडे कर तुझा.’